अनिच्छा महाराजांचा कोरडा

फाट्!

कोरडा पाठीवर बसला आणि जऊळक्याच्या स्टेशनाजवळ, सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या त्या वावरात बसलेली सात-आठशे माणसं एकदम कळवळली. व्यासपीठावर एक दांडगा तरुण पाठमोरा उभा होता. अंगात पिवळाधमक सदरा. त्याच्या पाठीवर डाव्या खांद्यापासून उजव्या कुशीपर्यंत लालभडक रेघ उमटली आणि बघता बघता खाली ओघळली. पुढे बसलेल्या एका बाईनं पदर डोळ्यांवर ओढला.

"दिसला का रोग?" महाराज माइकमध्ये गरजले. "रक्तातून बाहेर पडतोय! दिसला का?"

"दिसला!" अख्खं वावर ओरडलं.

फाट्! दुसरा. फाट्! तिसरा. दर फटक्याआधी महाराज कोरड्याचं टोक एका तांब्याच्या हंड्यात बुचकळत होते. त्यातल्या पांढऱ्या पाण्याला ते 'क्षीर' म्हणत. मार खाणारा तरुण हसत होता. पाच फटके झाल्यावर त्याचा सदरा ओरबाडून काढला गेला. उघड्या पाठीवर साधा ओरखडासुद्धा नव्हता! मग तो रक्तानं माखलेला सदरा दुसऱ्या हंड्यातल्या 'अमृतजला'त बुडवला, पिळला, लोकांसमोर झटकला. रक्त गायब. सदरा पुन्हा पिवळा.

लोक उभे राहिले, रडले, हात जोडले. दोन-तीन बायका घुमायला लागल्या. शेकडो मोबाइल वर झाले.

मी संगीता. आसेगावच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवते. बुवाबाजीचा मला मनापासून संताप आहे आणि तो मी लपवत नाही. पण खोटं कशाला सांगू, तो सदरा पिवळा झाला तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला.

"बंधूंनो, भगिनींनो," महाराज सुरू झाले. "रोग म्हणजे काय? रोग म्हणजे इच्छा! साखरेची इच्छा झाली, मधुमेह झाला. धावायची इच्छा झाली, गुडघे गेले. आणि गोळी म्हणजे काय? बरं होण्याची इच्छा! म्हणजे गोळी हाच रोग! इच्छा सोडा, गोळी सोडा, कंपनं वाढवा! अमेरिकेतले शास्त्रज्ञ आज हेच म्हणतायत!"

या हिशेबानं श्वास घेणं हीही इच्छाच. पण तो सोडा असं महाराज काही म्हणत नव्हते. सगळ्यांनी तो सोडला असता तर मोबाइलवरचं त्यांचं चॅनल बघायला कोण उरलं असतं?

आम्ही तिथे चमत्कार बघायला गेलो नव्हतो. एका बाईचा जीव वाचवायला गेलो होतो, आणि तिची पाळी अजून यायची होती.

त्याआधी सपनाचं सांगते. ती माझी जुनी विद्यार्थिनी. मंगरूळपीरला एका कार्यालयात कॉम्प्युटरवर काम करते. दोन वर्षांपूर्वी तिचा मोठा भाऊ प्रसेनजित मोटारसायकलवरून येताना ट्रकखाली गेला. तेव्हापासून पोरीचं मन कशात लागेना. कुणाशी बोलेना, जेवणाकडे बघेना. हातात तेवढा मोबाइल. त्या मोबाइलवरच तिला 'अनिच्छा-व्रत परिवार' सापडला. पुणे, सुरत, दुबई, कुठकुठले लोक त्यात. पहाटे ध्यान, संध्याकाळी प्रवचन, एकमेकांना 'आत्मबंधू' म्हणायचं. तीन महिने ती त्यात अगदी बुडून गेली होती.

एक दिवस ती शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"मॅडम, ते शब्द आमचे हायेत."

"कोणते शब्द?"

तिनं मोबाइल लावला. महाराज डोळे मिटून, संथ चालीत गात होते, 'अनिच्छा व्रत संस्कार'.

"दादा गेला तवा भन्तेजीनं म्हनलं होतं," सपना म्हणाली. "अनिच्चा वत संखारा. चालही तीच. म्हनून तर मी थांबली तिथं. मले वाटलं, कोनीतरी आपलं हाये. मी तीन महिने रडत रडत म्हनलं ते. आन् काल हा मानूस त्याचा अर्थ सांगून राह्यला, इच्छा सोडा, गोयी सोडा!"

आता नीट ऐका, कारण सगळी गोम इथे आहे. छप्पन साली बाबासाहेबांबरोबर ज्या घरांनी बुद्धाची वाट धरली, त्या घरांत माणूस गेला की भन्ते, म्हणजे बौद्ध भिक्खू, हे पाली शब्द म्हणतात. 'अनिच्चा' म्हणजे अनित्य. 'वत' म्हणजे खरोखर. 'संखारा' म्हणजे घडून आलेलं सारं काही. जे जे घडलं ते खरोखर बदलतं, सरतं. बस, एवढंच. त्यात रोग नाही, गोळी नाही, इच्छा तर कुठेच नाही. महाराजांच्या कानानं 'च्चा'चं 'च्छा' केलं, 'वत'ला एक र चिकटवला, 'संखारा'चा संस्कार झाला, आणि अशा चुकलेल्या कानातून हिमालयातला धर्म जन्माला आला. हे शब्द त्यांना म्हणे गुहेतल्या बर्फावर चार हजार वर्षांपूर्वी कोरलेले दिसले. बर्फावर!

सपनानं गटात सरळ लिहिलं, अगदी नम्रपणे: हे शब्द पाली आहेत, आमच्याकडे मरणाच्या प्रसंगी म्हणतात, यांचा अर्थ वेगळा आहे, आणि यांच्या नावावर कुणाच्या गोळ्या बंद करू नका. पाच मिनिटांत आत्मबंधूंचे मुखवटे उतरले. 'ज्ञान सगळ्यांचं असतं ताई, त्यात जात आणू नका.' 'आमच्या ऋषींचं चोरून तुम्हीच पाली केलं.' 'तुम्हा लोकांना सगळंच आपलं वाटतं.' मग एकाचा आवाजातला निरोप आला: 'तुझ्या गावाचं नाव माहीत आहे. महाराजांचा कोरडा तुझ्या पाठीवर फुटेल, आणि तो वाला दुखेल.'

शेवटचं वाक्य मी दोनदा ऐकलं. 'तो वाला दुखेल.' म्हणजे महाराजांचा नेहमीचा कोरडा दुखत नाही, हे या आत्मबंधूला पक्कं ठाऊक होतं.

सपनाला गटातून काढून टाकलं. पण त्याच दिवशी तिच्या नंबरवर एका अनोळखी बाईचा निरोप आला: 'ताई, तुमी खरं सांगता काय? मले रोज मारून राह्यले.'

ती इंझोरीची शीला. लहानपणापासून मिरगीचा त्रास. डॉक्टरांच्या गोळीनं चार वर्षं एकही झटका आला नव्हता. महाराजांचं ऐकून नवऱ्यानं, राजपालनं, गोळ्या उकिरड्यावर टाकल्या त्याला दोन आठवडे झाले होते. चौथ्या दिवशी झटके परत सुरू झाले. महाराजांच्या चॅनलवर 'घरगुती व्रत' होतं: रोज अकरा फटके. राजपाल बैलाच्या कासऱ्यानं मारायचा.

आम्ही तिला व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा तिनं मोबाइलचा कॅमेरा पाठीमागे धरला. मी आणि सपनानं ती पाठ पाहिली. निळे, काळे, जांभळे वळ एकमेकांवर चढलेले, दोन ठिकाणी कातडी फुटून पू झालेला. सपनानं तोंडावर हात दाबला. मी शिव्या दिल्या, शाळेच्या व्हरांड्यात, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

"नवरा दारू पितो का?" मी विचारलं.

"नाई जी," शीला म्हणाली. "लय जीव हाये त्याईचा माह्यावर. ऊसतोडीले गेलतो तवा मले झटका आला, तं बैलगाडीतून कोसभर दवाखान्यात नेलतं त्याईनं. मारता मारता रडते ते."

मारता मारता रडणाऱ्याचं मला काही कौतुक नाही. पाठ तिची होती.

आम्ही इंझोरीला गेलो, पण राजपालनं दारातूनच वाटेला लावलं. "सोमवारी जऊळक्याले महाराज सोता तिचं व्रत पुरं करून देनार हायेत. एक दिवस राह्यला. आता मधात याचं नाई."

म्हणून सोमवारी दुपारी आम्ही काळीपिवळी जीपमध्ये बसून जऊळक्याला गेलो. मी, सपना, तिचे वडील इंद्रभान आणि आई दुर्गाबाई. इंद्रभान सत्तरीचा, कमी बोलणारा माणूस. दुर्गाबाई शाळेत गेलेली नाही, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

तर वावरातल्या त्या मांडवात, माझ्या अंगावर काटा उभा असताना, दुर्गाबाईनं मला कोपरानं ढोसलं.

"मॅडम, त्या पांढऱ्या पान्यात सोडा हाये काय, साबन हाये काय?"

"म्हणजे?"

"प्रसेनजितच्या लग्नातला हयदीचा सदरा मी साबन लावून धुतला होता. असाच लालभडक झाला होता. मी तं घाबरूनच गेली होती."

मी दरवर्षी आठवीला हा प्रयोग शिकवते. हळद लावलेला कागद, त्यावर चुन्याची निवळी, कागद लाल. लिंबू पिळलं की परत पिवळा. वही भरून घेते, मार्क देते. आणि त्या मांडवात, ढोलाच्या आणि रडण्याच्या गोंगाटात, मला तो आठवला नाही. एका न शिकलेल्या बाईला आठवला, कारण तिनं तो परीक्षेसाठी पाठ केला नव्हता. मला त्या क्षणी माझीच लाज वाटली.

शेजारी एक म्हातारा तंबाखू मळत होता. मी त्याच्या हातातली चुन्याची डबी ओढूनच घेतली. पुढच्या बाईच्या खांद्यावर प्रवेशाला वाटलेलं पिवळं उपरणं होतं. त्याच्या टोकावर बोटभर चुना ओला करून घासला. लाल रेघ उठली. हुबेहूब रक्त!

"अगं बाई!" ती बाई किंचाळली.

मी उठून ओरडले, "ही हळद आहे! चुना आहे!" पण तेवढ्यात ढोल वाजला आणि माझा आवाज त्यात बुडाला. महाराजांनी नाव पुकारलं होतं.

"इंझोरीची माता शीला!"

शीला वर आली. चेहरा उतरलेला, पावलं अडखळत. पाठीवर तेच पिवळं उपरणं. राजपाल तिचा हात धरून होता. महाराजांनी कोरडा क्षीरात बुडवला, गरगर फिरवला. फाट्! फाट्! फाट्! उपरण्यावर तीन लाल रेघा. शीलाला काही लागलं नाही हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. उलट ती गोंधळली. बारा दिवस मार खाल्लेल्या बाईला मार ओळखता येतो.

मग तिची मान वाकडी झाली. डोळे फिरले. ती फळीवर आडवी कोसळली आणि तिचे हातपाय झटके द्यायला लागले.

भला माणूस असता तर कार्यक्रम थांबवला असता. महाराजांनी माइक तोंडाशी नेला.

"उसळला! रोग उसळला! आता हा घरधन्याच्या हातूनच जाईल! घे राजपाल, मार! आता सोडलास तर ती गेली!"

'ती गेली' म्हटल्यावर राजपालनं कोरडा घेतला. पण त्याला तो फिरवता येत नव्हता. त्यानं कासऱ्यासारखा दोन हातांनी उगारला आणि अंगातल्या सगळ्या जोरानं मारला. यावेळी फाट् असा आवाज झाला नाही. सट्ट् असा झाला, ओल्या मातीत कुदळ बसावी तसा. झटके देणारं ते शरीर वेडंवाकडं उसळलं. शीलाच्या तोंडातून जो आवाज आला तो मी विसरणार नाही. दुसरा फटका. उपरणं फाटलं आणि फाटलेल्या जागेतून खरं रक्त आलं, काळपट, दाट.

"अजून!" महाराज ओरडले. आणि खालून लोक ओरडले, "अजून! अजून!" हे लोक राक्षस नव्हते. यातल्या कित्येकांची पोरं मी शिकवली आहेत. ते ओरडले, हे लिहून ठेवायलाच हवं.

सपना माझ्या शेजारून कधी सुटली मला कळलं नाही. दोन सेवकांनी तिला पायऱ्यांवर धरलं, एकानं केस धरून मागे ओढलं. तिनं त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला, वर धावली आणि शीलाच्या अंगावर पडली. राजपालचा उगारलेला तिसरा कोरडा तिच्या हातावर बसला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी उकलली.

"मार!" सपना किंचाळली. "मले मार! मले तं कोनता रोग नाई! मंग माहं रगत काहून निंगून राह्यलं?"

राजपालचा हात तसाच वर राहिला. सपनाच्या हातातून रक्ताची धार फळीवर पडत होती. त्याच्या तोंडावरची सगळी कळा गेली होती. मागून इंद्रभान वर चढला होता. त्यानं राजपालच्या मुठीतून कोरडा काढून घेतला, म्हाताऱ्यानं पोराच्या हातातून विळा काढून घ्यावा तसा.

मी शीलाकडे धावले. तिला कुशीवर वळवलं, गळ्याजवळचे कपडे सैल केले, डोक्याखाली माझी पर्स घातली. कुणीतरी कांदा फोडून आणला, कुणी नाकाला लावायला चप्पल काढली. मी दोन्ही भिरकावून दिलं. "कोणी काही हुंगवायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही! गाडी बघा! गाडी!"

आणि माझ्या डोक्यावर आवाज झाला. फाट्!

इंद्रभाननं कोरडा फिरवला होता. त्याच्या आसपास कुणीही नव्हतं. कुणाच्या अंगाला टोकही लागलं नव्हतं. तरी आवाज बंदुकीसारखा. फाट्! फाट्! सगळा मांडव गप्प झाला.

"आवाज हवेत असते," इंद्रभान म्हणाला. माइक त्याच्या जवळच उभा होता. "टोकाले अंबाडीचा वाख, बारीक सूत हाये. तो हवेत फुटते. जाड दोर आंगाले नुसता गुंडायते, लागत नाई. माहा बाप पोतराज होता. पोटासाठी गावोगाव आंगावर कोरडे घेत फिरे. छप्पनच्या साली त्यानं आपला कोरडा नदीत फेकला. मले गुरं राखाच्या दोरानं शिकवलं, कायले? म्हने, बापू, हे कसब हाये, देव नोहे, ध्यानात ठेव."

मग तो महाराजांकडे वळला. बराच वेळ बघत राहिला.

"तुले मी वयखतो. तुहं नाव नवीन. नवीन साउंडवाला. माहा पोरगा गेल्यावर पुन्यानुमोदनाच्या कार्यक्रमाले भोंगे तूच लावले होते. भन्तेजी म्हनत होते आन् तू त्या डब्यापाशी बसून आयकत होता."

महाराजांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हिमालय एका वाक्यात उतरला.

"आमी जे फेकलं ते तू उचललं," इंद्रभानचा आवाज फाटला. "आन् आमी जे उचललं ते तू चोरलं. माह्या पोराच्या मयतीचे शब्द! त्यानं तू बाया झोडाले लावल्या?" त्यानं कोरडा उगारला. "चाल, पाठ कर. मंत्र म्हन. तुले इच्छा नाई ना? मंग तुले कायचं दुखन? माह्या हातात तो वाला बी हाये, जो दुखते."

अनिच्छा महाराज चट्कन उडी मारून मोठ्या स्पीकरच्या मागे बसले. डोक्यावर दोन्ही हात. जगायची इच्छा त्यांच्यात भरपूर शिल्लक होती.

दुर्गाबाई वर आली होती. तिनं एक कोरं पिवळं उपरणं हातात घेतलं, क्षीराच्या हंड्यात बोट बुडवलं आणि उपरण्यावर ओढलं. लाल. लोकांना दाखवलं. मग तेच टोक अमृतजलात बुडवलं. पिवळं. मग बोट चाटून पाहिलं.

"लिंबू हाये," ती माइकमध्ये म्हणाली. "आन् तो चुना. आन् ही हयद. आमच्या शेजारच्या वावरात पिकते ती. दुसरं काईच नाई."

पहिल्यांदा कुणी तरी हसलं. मग एक खुर्ची व्यासपीठावर येऊन आदळली. आणि मग जे सुरू झालं ते कोरड्यापेक्षा वाईट होतं. 'अजून, अजून' ओरडणारी तीच माणसं वर चढली. नवीनला स्पीकरमागून पाय धरून ओढलं. लाथा, बुक्के, बांबू. त्याचा एक दात माझ्या समोर फळीवर पडला. त्याचं नाक फुटलं, एक कान लोंबायला लागला. तो 'आई गं, आई गं' करत होता. खरं सांगते, मी शीलाचं डोकं मांडीवर धरून बसले होते आणि मला बरं वाटत होतं. आणखी एक बसावी असं वाटत होतं. माझी चप्पल माझ्या हातात होती.

"सोडा त्याले!" सपना ओरडली. रक्ताळलेल्या हाताला ओढणी गुंडाळून ती गर्दीत शिरली होती. "मेला तं देव होईन तो! उद्या इथं त्याचं देऊळ बांधान तुमी! बोलू द्या त्याले. जिता राहून बोलू द्या!"

कुणी ऐकेना. इंद्रभाननं गर्दीच्या डोक्यावर कोरडा फोडला. फाट्! लोक दचकून मागे सरले. त्या वस्तूचा मी पाहिलेला एकमेव चांगला उपयोग.

मग तुटक्या दातांनी, माइकवर, नवीन बोलला. हळद, चुना, लिंबू. हसणारा तरुण त्याचाच मेहुणा. अर्थ माहीत नव्हता, चाल गोड वाटली म्हणून शब्द उचलले. लोकांना हिमालय सांगितला की बरं वाटतं म्हणून हिमालय सांगितला. शेकडो मोबाइल अजूनही वर होते. यावेळी त्यांनी खरं टिपलं.

गाडी मिळताच शीलाला आम्ही वाशिमच्या दवाखान्यात नेलं. वाटेत तिला अजून दोन झटके आले. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या नळावर हात धुवायला गेले तर राजपाल तिथे बसलेला. तिचं ते फाटकं उपरणं त्यानं साबण लावून धुवायला घेतलं होतं. साबण लागताच ते सगळंच्या सगळं लाल झालं होतं. त्यानं ते उचलून मला दाखवलं.

"मॅडम, सारं रगत! सारंच रगत झालं!"

"साबण आहे राजपाल. हळदीला साबण लागला की असंच होतं." समोरच्या टपरीवरून मी लिंबू आणलं आणि त्याच्या हातात दिलं. "पिळ."

त्यानं पिळलं. कापड हळूहळू पिवळं झालं. महाराजांच्या तीन रेघा पुसल्या गेल्या, साफ. फाटलेल्या जागेभोवतीचे दोन काळपट डाग मात्र तसेच राहिले. त्यानं उरलेलं लिंबू पिळलं. साल घासली. नखानं खरवडलं. ते दोन डाग काही जाईनात.

"हे काहून जात नाई?" त्यानं विचारलं. पण विचारतानाच त्याला कळलं होतं.

"मले वाटलं, तिले दुखत नाई," तो म्हणाला.

"बारा दिवस मारलं. एकदा तरी तिला विचारलंस?" मी म्हणाले.

तो नळाखाली डोकं धरून बसून राहिला. मी त्याला उठवलं नाही.

आत सपना हाताला पट्टी बांधून शीलाच्या उशाशी बसली होती. परिचारिका गोळी घेऊन आली. शीलानं दारात उभ्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं, मग सपनाला विचारलं, "ताई, ते शब्द खरे काय म्हन्तेत?"

"जे हाये ते बदलते, म्हन्तेत."

"मंग हे बी बदलन," शीला म्हणाली आणि तळवा पुढे केला. "द्या. मले गोयीची इच्छा हाये."

तिनं गोळी घेतली आणि मग पोलिसांना जबाब दिला. नवीनवर, आणि राजपालवरही. राजपालनं खाली मान घालून सगळं कबूल केलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली खटला चालू आहे. परिवाराचं नाव बदललंय, चॅनलवर आता दुसराच कुणी बसतो, आणि बघणारे आहेतच. सपना रोज तिथे जाऊन खाली एकच ओळ लिहिते: हे शब्द आमचे, अर्थ हा, आणि गोळी बंद करू नका. रोज तिला शिव्या पडतात. ती रोज लिहिते.

तुम्हाला मी एवढंच सांगते. कुणाचेही शब्द म्हणण्याआधी ते ज्याचे आहेत, त्याला अर्थ विचारा. तुमच्या घरात हळद आहे, चुना आहे, लिंबू आहे. कुणी रक्त दाखवलं तर आधी घरी येऊन करून पाहा. आणि कुणावर हात उगारायला कुणी सांगितलं, मग तो महाराज असो, मोबाइल असो की सात-आठशे माणसांची गर्दी असो, तर हात खाली ठेवा आणि समोरच्या माणसाला आधी विचारा, दुखतं का?